काका, तुमचा मागचा दिवा!

हो हो हो, मालूम आहे जी, मालूम आहे मले! मागचा लाल दिवा लागून राहिला ना? ब्रेकचा? मघापासून तुमच्या डोळ्यात घुसून राहिला ना? अन् तुम्ही एवढे चांगले माणसं, का स्कूटर सोडून, सायकल झाडाले टेकवून, इतक्या धुळीतून चालत आले अन् खिडकीत वाकून सांगून राहिले, ‘काका, तुमचा मागचा दिवा!’... उपकार आहेत बाप्पा तुमचे. पण मालूम आहे मले. पाय नाही माहा ब्रेकवर! हे पाहा, वाकून पाहा ना, मांडी घालून बसलो आहे मी सीटवर, दोन्ही पाय वर, तरी दिवा लागूनच आहे. आता आलेच आहा तं थांबा जरासे. जासान कुठं? मानकापूरचं फाटक आहे हे. एक डाव पडलं का पडलं. अन् कोराडीच्या कोळशाची मालगाडी म्हणजे, तिचं इंजिन इथून जाते तेव्हा मागच्या डब्यात अजून कोळसा भरणं चालू असते. तं ऐका. नाही तरी काय करान, फाटकाच्या दांड्याले पाहत बसान?

तुम्हाले सांगतो, हा दिवा दोन जागी लागते. एक मागं, जो तुम्हाले दिसते. अन् एक हा, इथं, डॅशबोर्डवर, बोराएवढा लाल, जो मले दिसते. मागचा लागला का समोरचा लागते. साधी गोष्ट आहे. पण हे आता समजते मले! तेव्हा समजत होतं का? तेव्हा तं नुसताच लाल दिवा, अन् मी. अन् मी म्हणजे कोण? रुपराव. गाव नरखेड तालुक्यात, पण सारी जिंदगी गेली पावर हाऊसात, कंट्रोल रूममध्ये, पॅनलवर! लाल दिव्यासंग जन्म काढला मी. लोकं बायकोच्या तोंडाकडं जितकं पाहत नाहीत तितकं मी लाल दिव्याकडं पाहिलं.

पॅनल पाहिलं का कधी तुम्ही? नाही? भिंतीएवढं लोखंडी कपाट समजा, अन् त्याच्यावर दिवेच दिवे. सारे विझले असले म्हणजे शांती. एक जरी लाल लागला का संपली शांती! अन् आमची पद्धत काय, का ज्याले दिवा आधी दिसला त्यानं जोरात म्हणाचं, ‘लागला!’ अन् जो जोडीदार असन त्यानं तिकडून म्हणाचं, ‘पाहिला!’ बस. दोन शब्द. पण ‘पाहिला’ ऐकू येईस्तोवर पहिल्यानं गप बसाचं नाही. लागला! लागला! लागला! चिल्लावतच राहाचं. काहून? कारण एकट्यानं पाहिलेला दिवा कोणी पाहिलाच नाही, असं धरत आमच्याकडं. माहा जोडीदार रामाजी. काय आवाज होता बुवा त्याचा! तोंडात तंबाखूचा खर्रा, तरी ‘पाहिला’ म्हणे तं काच हाले. आता रिटायर होऊन पारशिवनीले शेती पाहून राहिला. तिकडं कोणाले म्हणत असन ‘पाहिला’? बैलाले?

अन् पॅनलवाल्याचं काम काय? पाहाचं अन् बोलाचं. हात लावाचा नाही! हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येईन. हात लावणारे वेगळे, ते मेंटेनन्सवाले. त्यांच्या हातात पाने, आमच्या हातात चहाची कपबशी. मी उभ्या नोकरीत एक स्क्रू नाही पिळला. लाज नाही सांगाची, कायदाच तसा होता.

मंग मी भी रिटायर झालो. इथंच मानकापूरले घर बांधलं. सवय कुठं जाते हो? चुलीवर दूध वर आलं का मी खाटेवरून ओरडो, ‘लागला!’ अन् गोपिका, म्हणजे माही बायको, आतून म्हणे, ‘पाहिला जी, पाहिला! दूध होय थे, पावर हाऊस नोय!’ पण म्हणे! ‘पाहिला’ म्हणल्याबिगर राहत नसे. शिकली होती बिचारी.

पोरगा भिलाईले नोकरीले. सुनेचं बाळंतपण आलं, गोपिका गेली. म्हणे, पोट्टं बसाले लागलं का येतो. पोट्टं बसलं. मंग म्हणे चालाले लागलं का येतो. पोट्टं चाललं... अन् चालता चालता त्याच्यामागं दुसरं आलं! आता हे बसन कधी, चालन कधी? मी भी जाऊन राहिलो तिकडं, पण क्वार्टर एवढूसं, मी पाय लांबवले का पाय व्हरांड्यात. अन् इकडं घर कोण पाहीन? म्हणून वापस आलो. घर पाहत बसलो. घराले पाहा अन् घर तुम्हाले पाहते. दिवसभर तोंडातून शब्द नाही निघत हो. दूधवाला येते, घंटी वाजवते, पातेल्यात ओतून निघून जाते. मी म्हणो, ‘आज पातळ वाटते गा,’ तं माहा आवाज असा फाटून निघे का मीच दचको. वाईट वाटे. खरंच सांगतो, लय वाईट वाटे. माणसाचा आवाज गंजू शकते हे मले तेव्हा समजलं.

तं जाताना गोपिका स्टेशनावर सहज म्हणाली होती, ‘पुढच्या डावानं घ्याले यासान तं आपली सोताची गाडी घेऊन या जी, मले त्या रिक्षात धक्के सोसत नाहीत.’ ती हासत होती. मी मनात धरलं. अन् घेतली गाडी! हीच. जुनी. आमच्या नरखेडकडच्या वामनराव बागाईतदाराकडून. अजून वास घ्या ना मागच्या सीटचा, संत्र्याचा येते का नाही? त्यानं पेट्या वाहल्या हिच्यात. मी म्हणलं, गाडी दारात आली का गोपिकाले फोन करतो, ती निघालीच म्हणून समजा. फोन शेजारी, कृष्णकांतरावांच्या घरी. फोन लावला. ती म्हणे, ‘गाडी घेतली? खरंच का? लाल का पांढरी?’ मी म्हणलं, भुरकी. म्हणे, ‘बरं झालं. लहान्याले खोकला आहे, तो बरा झाला का येतो.’

अन् त्याच आठवड्यात, हे... हा... हा बोराएवढा दिवा! सदरच्या बाजारातून येऊन राहिलो मी, अन् टप्पकन लाल! मी काय केलं असन? तुमच्या मनानं काय केलं असन? गाडी थांबवली? बोनट उघडलं? नाही! ओरडलो. भर रस्त्यात, काच खाली करून, ‘लागला!’ अन् थांबलो... कोण म्हणन ‘पाहिला’? बाजूच्या सीटवर भाजीची थैली. थैली म्हणन का? मी पुन्हा म्हणलं, ‘लागला!’ एक सायकलवाला घाबरून नालीत गेला.

भीती वाटली जी. हासू नका, वाटली. दिवा लागला अन् तो पाहणारा मी एकटा. आता मले सांगा, एकट्यानं पाहिलेला दिवा...? हो. तेच.

आता लाल दिवा म्हणजे काय, हे कोणाले विचारू? कृष्णकांतराव आले. सरकारी हापिसात हिशेब तपासण्यात जन्म गेला त्यांचा, गाडी चालवणं तं सोडा, कधी सायकलची चेन नाही चढवली, पण मत! ‘अहो रुपराव, मी सांगतो तुम्हाला, लाल म्हणजे ऑइल. साधा तर्क आहे. इंजिन तहानलेलं आहे.’ टाकलं तेल. दिवा तसाच. ‘अजून टाका.’ अजून टाकलं. दिवा तसाच, अन् गाडी अशी धूर सोडे का मोहल्ल्यातले मच्छर मेले. त्यांच्या मंडळी यमुताई खिडकीतून म्हणे, ‘अहो, तेल कसलं ओतताय, पाणी बघा, पाणी! माझ्या भावाच्या गाडीला पाणीच लागायचं.’ टाकलं पाणी. दिवा तसाच! कृष्णकांतराव म्हणे, ‘मग हा दिवाच सदोष आहे.’ मी म्हणलं, साहेब, दिवा सदोष नसते. दिव्याले काय पडलं आहे खोटं बोलाले?

मंग नेली बाबाराव मिस्त्रीकडं. हा पुढं छावणीकडं गॅरेज आहे त्याचं. त्यानं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली नाही का मागं जाऊन पाहिलं नाही, सरळ बोनटमध्ये मुंडकं घातलं अन् आतूनच म्हणे, ‘काका, डायनामो.’ बदलला डायनामो. दिवा तसाच. ‘काका, वायरिंग.’ अर्धी वायरिंग बदलली. दिवा तसाच, उलट अजून लाल! मंग तो टेकला चाकाले पाठ लावून, बिडी पेटवली अन् म्हणे, ‘काका, एक काम करू का? हा दिवाच उपटून फेकू का?’

अरे!... दिवा उपटून फेकू? पॅनलवरचा दिवा? मी ताडकन उठलो. म्हणलं, बाबाराव, माणसाले ताप आला तं थर्मामीटर फोडतं का तू? माह्या पुऱ्या नोकरीत असं कोणी बोललं असतं ना, तं रामाजीनं खर्रा थुंकून त्याले दाराबाहेर काढलं असतं! तो म्हणे, ‘मंग सोताच पाहा ना काका, तुम्ही पावर हाऊसातले, वायर धरून मागं मागं जा.’ मी म्हणलं, हात नाही लावत मी. तो म्हणे, काहून? मी म्हणलं, मी पॅनलवाला आहो. त्याले काय समजन!

मंग मी दिवा घेऊनच फिरो. भर दुपारी, उन्हात गाडी घेऊन निघालो का दिवा लागे, मी हळूच म्हणो, ‘लागला.’ कोणी काही म्हणत नसे. पुढं पुढं तं हळूच म्हणणं भी सोडलं.

अन् मंग, याच फाटकावर! असंच फाटक पडलेलं, अशीच मालगाडी. संध्याकाळ. माह्या मागं कोळशाचा ट्रक. धडधड उतरला तो ड्रायव्हर, खिडकीवर आला, अन् असा चिल्लावला, ‘अरे चाचा, ब्रेक पर से पैर तो हटाओ! कब से लाल बत्ती मार रहे हो, आँख फूट गयी मेरी!’ मी म्हणलं, पैर नहीं है भाऊ. तो वाकला, पाहिलं, म्हणे, ‘सच में नहीं है!’ मागं गेला. तिकडून ओरडला, ‘दबाओ!’ मी दाबला. ‘छोडो!’ सोडला. ‘जल रही है!’ मी म्हणलं, इथं भी! इथं भी लाल! तो म्हणे, ‘वहाँ भी?’ पळत आला, दिवा पाहिला, पुन्हा मागं पळाला. तोवर एक सायकलवाला आला, एक मास्तर आले, एक लुनावाली बाई आली, म्हणे, काय झालं? मंग मी इथून ओरडो, ‘लागला!’ अन् ते सारे मागून...

काय म्हणत असन सांगा? ‘लागला काका, लागला!’ ‘दिसून राहिला!’ ‘पाहिला, पाहिला!’

कोण म्हणलं ‘पाहिला’, मले नाही मालूम. मास्तर होते का लुनावाली, देव जाणे. पण म्हणलं कोणीतरी. माह्या छातीतून असं काहीतरी सुटलं, जसं पॅनल एकदम शांत झालं. मंग त्या लोकांनी तिथंच पंचायत भरवली. कोणी म्हणे बल्ब, कोणी म्हणे वायर चिकटली, लय भांडण झालं, अन् शेवटी साऱ्यांचं मिळून ठरलं का ब्रेकच्या दिव्याचा स्विच अडकला. ब्रेक दाबला का तो दिवा लावते अन् सोडला का विझवते. हा लावते, पण विझवाचं विसरून गेला. एवढंच! अन् पुढं वामनराव संत्रा मार्केटात भेटला तं म्हणे, ‘हा बा! समोरचा थो दिवा मीच बसवला होता! मागचा लागते का नाही हे मले समोर बसून कसं समजन, म्हणून. मंग स्विचच मेला, कधी लागलाच नाही, सांगाचं राहून गेलं.’ सांगाचं राहून गेलं, म्हणे! त्याचा मेलेला स्विच माह्याकडं येऊन जिता झाला, माहं तेल गेलं, डायनामो गेला, अर्धी वायरिंग गेली, अन् याचं सांगाचं राहून गेलं!

पण त्या दिवशी, तुम्हाले सांगतो, मी घरी आलो तं माहा घसा बसला होता. बोलून बोलून! किती दिवसांनी!

बाबारावनं नवा स्विच आणून दिला. म्हणे, बसवतो, पाच मिनिटाचं काम. मी म्हणलं, राहू दे गा, उद्या पाहू. अन् या खणात टाकून दिला. मंग उद्याचा परवा झाला... आता तुमच्याशी काय लपवाचं? रोज संध्याकाळी गाडी काढो अन् निघो. काम काय होतं तिकडं? काहीच नाही. सदरपर्यंत जा अन् वापस या. पण रस्ताभर, बाप्पा रे बाप्पा! स्कूटरवाले हाताचा पंजा उघडून मिटून दाखवत, लुकलुक लुकलुक. रिक्षावाले बाजूले येऊन, ‘काका, ब्रेक लागून राहिला!’ एसटीचा ड्रायव्हर वरून वाकून, ‘ओ मामा, पाय काढा!’ अन् मी साऱ्याले हात करो. हळूहळू ते लोक ओळखाले लागले. पानठेल्यावाला म्हणे, ‘काय काका, आज भी चालूच?’ फाटकवाला म्हणे, ‘आले का दिवावाले काका?’ ती लुनावाली, प्रेमिला मॅडम, शाळेत शिकवते, ती तं रोज थांबे, म्हणे, ‘काका, कधी दुरुस्त करणार हो?’ मी म्हणो, उद्या. ती हासे. मी हासो. अन् घरी जाऊन मी कृष्णकांतरावाले सांगो, आज एवढे लोक बोलले. ते म्हणत, ‘अहो, पण दुरुस्त का करत नाही?’ काय सांगू त्यांले? त्यांच्या घरात यमुताई आहेत, दिवसभर बोलतात. त्यांले नाही समजत.

अन् मंग गोपिकाचा फोन आला. म्हणे, ‘मी येतो आता. कायमचीच येतो. पोट्टे मोठे झाले, सून सांभायते. तुमचाच घोर लागून आहे जिवाले. एकल्यानं सुकून गेले असान. काय खाता, कोणासंग बोलता, काईच समजत नाही.’ कायमचीच, म्हणाली! मी फोन ठेवला तं यमुताई म्हणे, ‘काय हो, डोळ्यात पाणी का?’ म्हणलं, फोडणी लागली तुमची.

गाडी धुतली. आतून, बाहेरून, टायरं भी धुतले. स्टेशनावर गेलो. गोपिका उतरली, मोठी लोखंडी पेटी घेऊन, लोणच्याची बरणी घेऊन. बरणी आणली म्हणजे माणूस राहाले आलं, हो का नाही? बसली बाजूले. काय सांगू तुम्हाले, कशी बसली होती! पदर नीट करून, बरणी मांडीवर, जशी काही लग्नाची वरात. अन् आम्ही निघालो. सदर आलं नाही तं पहिला स्कूटरवाला, ‘काका!’ लुकलुक लुकलुक. मी हात केला. गोपिका म्हणे, ‘कोण होय जी हा?’ मी म्हणलं, ओळखीचा. रिक्षावाला, ‘काय काका, कसं काय?’ ‘हा भी?’ हा भी. पानठेल्यावाल्यानं ठेल्यातून उतरून सलाम ठोकला. फाटकवाल्यानं फाटक पाडता पाडता थांबवलं, म्हणे, ‘काकी आल्या वाटते! जाऊ द्या आधी.’ प्रेमिला मॅडमनं लुना थांबवली अन् गोपिकाच्या हातात आपल्या थैलीतली दोन संत्री ठेवली! गोपिका पाहतच राहिली. मान इकडं वळवे, तिकडं वळवे. म्हणे, ‘तीस वरसं तुमच्यासंग राहिलो, तं कुठंच तुम्हाले कुत्रं वळखत नवतं. अन् आता हे काय हाय जी?’

अन् मी काय केलं? फुगलो ना! माणूस आहे. म्हणलं, असते, लोकसंग्रह असते माणसाचा.

झालं. तिथंच झालं सारं.

सात-आठ दिवस राहिली. मी रोज तिले गाडीत बसवून फाटकावर आणो. मले वाटे, तिले करमन. अन् तिले करमे भी! ती साऱ्याशी बोले. मंग भिलाईचा फोन आला, लहाना जेवत नाही, आजी आजी करून राहिला. गोपिका घरी आली, चहा ठेवला, अन् एकदम हलक्या आवाजात म्हणे, ‘मी जातो मंग. माह्या जिवाले घोर होता थो मिटला. तुमचं तं लय मस्त चाललं हाय इथं. मलेच कोणी वळखत नाही तिकडं, पोट्ट्यांशिवाय.’ अन् पेटी पाहतो तं काय, तिनं पुरी उघडलीच नव्हती. चहा वर आला, मी म्हणलं, ‘लागला...’ ती म्हणे, ‘पाहिला जी.’ मले ‘राह्य’ म्हणाचं होतं. तोंडातून ‘लागला’ निघालं.

स्टेशनावर मंग मी सांगतलं. खरं सांगतलं! खिडकीजवळ उभं राहून. म्हणलं, अवं गोपिका, ते लोक माह्याशी नाही बोलत वं. दिव्याशी बोलतात. माहा स्विच खराब आहे. मागचा दिवा लागून राहते म्हणून ओरडतात ते, मले कोणी नाही इथं. सारं सांगतलं! अन् ती? हासली! म्हणे, ‘जा जी! लाज वाटते तुम्हाले आपलं कौतुक सांगाची. दिव्याशी बोलतात म्हणे! अन् दिवा कोणाचा हाय? तुमचाच ना?’ गाडी हालली. बरणी ठेवून गेली माह्यासाठी. अन् त्या गाडीच्या शेवटच्या डब्याले मागं दिवा असते, पाहिला का कधी? लाल. दूर दूर जाऊन राहिला तो, अन् मी प्लॅटफॉर्मावर उभा. तोंडात आलं होतं माह्या. नाही म्हणलं.

मंग आला मले राग! तसाच बाबारावकडं. म्हणलं, बसव नवा स्विच! आत्ताच्या आत्ता! या स्विचनं माही बायको पाठवून देली! त्यानं बसवला. दिवा गेला. समोरचा गेला, मागचा गेला. पॅनल शांत. मी निघालो... अन् काय सांगू. पुऱ्या रस्त्यानं एक शब्द नाही! स्कूटरवाले बाजूनं गेले, सरळ पुढं पाहत. पानठेल्यावाला पान लावत होता, वर पाहिलं नाही. फाटकवाला म्हणे, ‘झाला का दुरुस्त? चांगलं झालं काका,’ अन् आपला कंदील पुसाले लागला. प्रेमिला मॅडमनं नुसती मान हालवली, अन् लुना भुर्रकन. त्यांची काय चुकी हो? लोक खराब नाहीत. पण ज्याचा दिवा नीट आहे त्याच्याशी कोण कायले बोलन? काय म्हणून बोलन?

घरापर्यंत आलो, गाडी बंद केली, अन् तिथंच बसून राहिलो. लय एकटं वाटलं. आधीपेक्षा जास्त.

सकाळी बाबारावच्या दारात. म्हणलं, जुना लाव. तो म्हणे, ‘काय?’ जुना लाव, जुना! तो म्हणे, ‘काका, लोक जुनं काढून नवं लावून मागतात, तुम्ही नवं काढून खराब लावून मागून राहिले? काकीच्या जाण्यानं डोक्यावर तं नाही झाला परिणाम?’ म्हणलं, डोकं नीट आहे, स्विच खराब पाहिजे. शोधून काढला बिचाऱ्यानं, भंगारातून, पुसून बसवला. अन् हा नवा, हा पाहा, या खणात, कागदात गुंडाळून. गोपिका फोनवर विचारते आता, ‘कसे हायेत जी तुमचे लोक?’ मी म्हणतो, मस्त आहेत. काय म्हणू दुसरं? फाटक बंद असन तोवर मस्त आहेत.

हे पाहा... पाहा, आला शेवटचा डबा. गेली मालगाडी. थांबा, थांबा, एवढी घाई कायले? फाटक उचलते आता, पण हळूहळू उचलते. एक सांगाचं राहिलं. इंजिन बंद करून बसलो होतो ना मी, पण चावी? चावी चालूच होती! चावी बंद केली असती तं दिवा विझला असता, अन् दिवा विझला असता तं तुम्ही काहून आले असते? तं हे... असं झालं का... चावी फिरवून पाहतो... हॅ! ऐकलं? नुसतं कण्हून राहिली. बॅटरी बसली. आता जराशिक धक्का... ओ भाऊ! ओ मास्तर! धक्का मारून जा ना एक! दोघं जण पुरे... गेले. सायकलवाला भी गेला. बरोबर आहे, ज्याले त्याले घर आहे.

जा, जा. उद्या भी आहोच मी इथं. संध्याकाळी. दिवा दिसनच.

अरे, हो हो! कायले भोंगे वाजवून राहिले मागून? माही गाडी मधात आहे, मालूम आहे मले! हालत नाही तं काय करू? हं... दिवा पाहा. बारीक झाला, पण आहे. आता नाही राहवत बुवा. म्हणूनच टाकतो.

लागला!

...ऐकलं? एसटी, ट्रक, रिक्षे, साऱ्यांनी मिळून हॉर्न मारला! चालते. हॉर्न तं हॉर्न. एवढ्या जोरात तं रामाजीनं भी कधी ‘पाहिला’ म्हणलं नव्हतं.